जंतूंचं माहेर

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणंही चांगली मिळत गेली. नोकरीत होतो तोवर वेळ नव्हता. निवृत्त झालो तर मोतीबिंदू निघाला. मोतीबिंदू काढला तर मुलाने आमच्या गावच्या, नार्वेच्या घराची दुरुस्ती काढली, आणि सिमेंटच्या पोत्यांत बसून कोणी आठवणी लिहितो का? आता डोळे स्वच्छ आहेत, घराला रंगही लागला आहे आणि कारणं संपली आहेत.

ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांचं नाव देत नाही. त्यांना हे मुळीच आवडलं नसतं. नाव, गाव आणि आई-बाप यांच्याशिवाय केलेली नोंद म्हणजे त्यांच्या मते पावसात भिजलेलं पोस्टकार्ड. कचेरीत सगळे त्यांना पाठीमागे ‘माटोळीकार’ म्हणत. मीही तेच म्हणतो; तोंडावर मात्र आदराने ‘बाब’ म्हणायचो. हे नाव मीच पाडलं होतं, असं दोघे-तिघे सांगतात. असेलही.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. चवथीला गणपतीच्या डोक्यावर आमच्याकडे एक लाकडी चौकट टांगतात, ती माटोळी. तिला रानातलं, परसातलं, जे जे त्या दिवसांत पिकतं ते बांधायचं. कवंडळ, कांगलां, घागऱ्या अशी रानातली फळं-शेंगा, तोरिंग म्हणजे पपनस, सुपारीचे घड, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या. शेजारीपाजारी, सोयरेधायरे एकेक जिन्नस आणून देतात. माटोळीकार इब्रामपूरचे. त्यांच्या घरची माटोळी इतकी भरलेली असे की आरती म्हणताना उंच माणसाला मान वाकवावी लागे.

आमचं संशोधन केंद्र डिचोली तालुक्यात, एका बंद पडलेल्या खाणीजवळ होतं. खाणीच्या खंदकात तांबूस पाणी साचलेलं, लोखंड आणि मँगनीजने भरलेलं. हे धातू पाण्यातून ओढून घेतील असे जंतू, त्यांची जनुकं बदलून, तयार करण्याचे प्रयत्न देशात ठिकठिकाणी चालू होते. थोडे प्रयोग आम्हीही करत असू. पण आमचं मुख्य काम होतं या सगळ्या बदललेल्या जंतूंची सामायिक सूची ठेवणं. कोणता जंतू, मूळचा कुठला, त्यात कोणतं जनुक घातलं, कोणी घातलं, आणि मग तो कसा वागला, हे सगळं संगणकावर अशा रीतीने मांडायचं की कुठल्याही प्रयोगशाळेला ते बघता यावं, वापरता यावं. मी केंद्राचा प्रमुख होतो. सूची माटोळीकारांच्या ताब्यात होती.

‘ताब्यात’ हा शब्द मुद्दाम वापरला. त्यांची परवानगी मिळाल्याशिवाय एकही जंतू सूचीत शिरत नसे.

गोव्यात नवा माणूस भेटला की आधी दोन प्रश्न विचारतात: खंयचो? कोणालो? कुठला, आणि कुणाचा. उत्तर मिळालं की मग बसायला कदेल, म्हणजे खुर्ची, देतात. माटोळीकार जंतूंना हेच प्रश्न विचारत. जंतू बोलत नाहीत म्हणून ते पाठवणाऱ्या प्रयोगशाळेला फोन लावत आणि सोयरीक जमवायला निघालेल्या मामासारखी चौकशी करत. ते फोन ऐकायला आम्ही कामं सोडून उभे राहायचो.

“नमस्कार. तुमच्याकडून एक जंतू आमच्या घरी यायचा आहे. थोडी विचारपूस करायची होती.”

पलीकडे कुणी तरुण संशोधक असे. तो दचकून म्हणे, “विचारा सर.”

“मूळचा कुठला?”

“मातीतला, सर.”

“माती खंयची?”

“ते... बघून सांगतो.”

“बघा. हांव थांबतां. आणि जनुक कुणाकडून आणलं?”

“दुसऱ्या एका जंतूकडून.”

“म्हणजे दत्तक. बरं. प्लास्मिडवर बसवलंय की मूळ गुणसूत्रात?”

प्लास्मिड म्हणजे जंतूच्या पोटात असणारं जनुकांचं एक सुटं कडं. गरज असेतोवर जंतू ते सांभाळतो, नाहीतर टाकून देतो.

“प्लास्मिडवर, सर.”

“घरजावई,” माटोळीकार रिसीव्हरवर हात ठेवून आम्हाला सांगत. “कधी पिशवी उचलून चालू पडेल, भरवसा नाही.” मग फोनवर, “आणि घराबाहेर पडला तर?”

“त्याची सोय केली आहे सर. आम्ही देतो ते अन्न मिळालं नाही तर मरतो.”

“संस्कार बरे आहेत. आता शेवटचं. फसला किती वेळा?”

इथे पलीकडे कागदांची सळसळ होई.

“सर, आम्ही फक्त यशस्वी प्रयोगच कळवतो.”

“लग्नपत्रिकेत कोणी दमा छापत नाही हो. म्हणून तर विचारतोय.”

सुरुवातीला बाहेरचे लोक मला विचारायचे, हे गृहस्थ बरे आहेत ना? पुढे पुढे तेच लोक माझ्याऐवजी थेट त्यांनाच फोन करू लागले. आमच्या सूचीत एखादा जंतू असला म्हणजे त्याचं काय खोटं आहे तेही कळतं, अशी ख्याती झाली. तिचा मान मला मिळायचा. मी तो घ्यायचो.

माणूस सरळ होता असं मात्र नाही. महा हट्टी. एका प्रयोगशाळेने मातीच्या गावाचं नाव चुकीचं लिहिलं, तर त्यांची सगळी माहिती माटोळीकारांनी एक हंगामभर अडवून धरली. त्या प्रयोगशाळेचे प्रमुख आमच्या केंद्राला मंजुरी देणाऱ्या पाहणी समितीवर होते. मी हात जोडले, ओरडलो, शेवटी म्हणालो, “अहो, जंतूला गावाशी काय देणंघेणं?”

“तुम्हाला नार्वेचा म्हटलं की छाती फुगते ती कशाने मग?” ते म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

ते चहा प्यायचे तेव्हाही जगाला शांतता नसे. पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला की हे त्याला खमीर कुठून आणतोस ते विचारत. पोदेर रोज तेच उत्तर देई आणि हे रोज नव्याने मान हलवत. कचेरीच्या फ्रिजमध्ये त्यांचं दह्याचं विरजण असायचं. ते साळच्या मावशीकडून आलेलं, मावशीला तिच्या सासूकडून. आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी त्यातलं चमचाभर गेलं होतं. मग महिन्या-दोन महिन्यांनी जिन्यात अडवून विचारायचे, “आमचं दही कसं आहे तुमच्याकडे?” दिलेल्या मुलीची खुशाली विचारावी तसं. आमच्या हिने एकदा ते नासवलं आणि डेअरीतून पाकीट आणलं, तर मी आठवडाभर दुसऱ्या जिन्याने वर जात होतो.

त्यांना संगणकाचं वावडं नव्हतं, पण गुप्ततेचं होतं. त्यांचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या म्हशीचं नाव, आणि ते टाइप करताना मोठ्याने उच्चारत: “चं... द्री.”

हरमलची एक मुलगी आमच्याकडे संशोधक होती. तिच्या घरच्यांच्या खोल्या पर्यटकांना भाड्याने जात, त्यामुळे माणसांच्या सर्व तऱ्हा तिने बालपणीच पाहून टाकल्या होत्या. ती माटोळीकारांना जराही घाबरत नसे.

“सर, हळू बोला. भायर पोदेर आयकता.”

“आयकूं दी. पोदेराक आमचे जंतू कित्याक जाय? ताचे खमिराचे जंतू ताका आसात.”

सूचीची कल्पनाच त्यांनी माटोळीवरून उचलली होती. मला कधीकधी वाटे, चांगली माहिती लगेच खुली करू नये. आधी आपला लेख छापून यावा, मग बघू. ते म्हणत, “माटोळीला आणलेलं तवसं कोणी उशाखाली ठेवतं का, डॉक्टर? आणायचं, कुठलं आहे ते सांगायचं आणि टांगायचं. खाली उभा राहणाऱ्याने वर बघायचं. झालं.”

आता त्या नावांच्या भानगडीकडे येतो. माझी गोष्ट तिथेच अडकली आहे.

प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या जंतूंना अक्षरं आणि आकडे देते. गावात जसे चार शांताराम असतात तसे देशात तीन ठिकाणी तीन वेगळेच ‘पी-चाळीस’ निघाले. तेव्हा माटोळीकारांनी ठरवलं, जंतू आमच्या घरी आला की त्याचं नाव बदलायचं. सुनेचं बदलतात तसं. नवं नाव पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या गावाचं. आणि शेजारी एक रकाना ठेवायचा, त्याचं शीर्षक ‘माहेरचं नाव’. नवी माहिती आली की आधी त्या रकान्यात शोधायचं, ही सून आपल्याकडे आधीच आलेली आहे का बघायचं, मगच पुढे जायचं. हा त्यांचा एकमेव कायदा होता.

हरमलची मुलगी त्यांना म्हणाली, “सर, आमची नावं बदलतात तेव्हा माहेरच्या नावाचा रकाना कोण ठेवत नाही. जंतूंचा मान आमच्यापेक्षा मोठा?”

ते तिच्याकडे वळले. “तुजें खरें,” म्हणाले. त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी बायकोला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारली, आणि मारतच राहिले. वहिनी आम्हाला पुढे हसत हसत सांगायच्या, “दोन दिवस मी ओच दिली नाही. म्हटलं, म्हशीला नवीन नाव ठेवलंय. तिसऱ्या दिवशी चंद्री शेजारी बांधलेली असताना दुसरीकडे बघून हाक मारली, तेव्हा कळलं मला बोलावतायत.”

हा रकाना कुठून सुचला ते त्यांनी एकदाच सांगितलं, खंदकाच्या काठावर पाण्याचे नमुने घेताना. त्यांची एक आत्या हरमलकडे दिलेली होती. ती गेली तेव्हा सासरच्यांनी वर्तमानपत्रात बातमी दिली, सासरच्या नावाने. इब्रामपुरात यांच्या वडिलांनी सकाळी घरापुढच्या बाल्कांवात, ओट्यावर, बसून ती बातमी वाचली, “कोण तरी म्हातारी गेली” म्हणाले आणि पान उलटलं. आपली बहीण गेली हे त्यांना बाराव्याच्या नंतर कळलं.

आम्ही हसलो. गोष्ट सांगण्याची पद्धतच त्यांची तशी होती. ते मात्र बाटलीचं बूच घट्ट करत होते.

आता चवथीच्या आदल्या दिवसाचं.

गोव्यात चवथीच्या आधी कचेऱ्या आपोआप रिकाम्या होतात. सुट्टी जाहीर करावी लागत नाही. माटोळीकार तर चार दिवस आधीच फोन बंद करून इब्रामपूरच्या रानात शिरत. त्या वर्षी सणानंतर लगेच पाहणी समिती यायची होती. आमच्याकडे ‘पालये’ नावाचा एक जंतू होता, टाकीतल्या पाण्यातून मँगनीज फार छान काढत असे. पण एकाच जंतूवर समिती पुढची मंजुरी देणार नव्हती. एक म्हणजे योगायोग असू शकतो, दोन वेगवेगळ्या जंतूंनी तेच करून दाखवलं तर पद्धत खरी, असं त्यांचं म्हणणं होतं. मंजुरी नाही तर केंद्र बंद.

मी एकटाच कचेरीत बसलो होतो, आणि तेवढ्यात एका बाहेरच्या प्रयोगशाळेची ईमेल आली. त्यांच्या पी-चाळीस या जंतूने मँगनीज काढलं होतं, आकडे झकास. मला इतका आनंद झाला की मी उठून माटोळीकारांच्या कदेलावर बसलो. पासवर्ड मला काय, पोदेरालाही पाठ होता. मी पी-चाळीसची नवी नोंद केली. घरी मोदकांचं सारण व्हायचं होतं, हिचे दोन फोन येऊन गेले होते. माहेरच्या नावाचा रकाना मी उघडला नाही.

उघडला असता तर दिसलं असतं. पालये म्हणजेच पी-चाळीस. आमच्याकडे दिलेल्या मुलीबद्दल तिच्या माहेरच्यांनी माहेरच्या नावाने खुशाली कळवली होती, आणि मी तिला दुसरी सून समजून दारात पुन्हा माप ठेवलं होतं.

समिती आली, दोन जंतू बघून खूश झाली, मंजुरी मिळाली. माटोळीकार समितीपुढे नव्हतेच. चवथीच्या तयारीत शिडीवरून पडून त्यांचा पाय सुजला होता आणि ते त्यानंतर बरेच दिवस लंगडत घरीच होते. पुढे हजारो नोंदींत ती एक नोंद मुरून गेली. असं मी म्हणतो. खरं म्हणजे मी विसरूनच गेलो.

कळलं ते दुसऱ्याच कुणाच्या तरी घामाने. लांबच्या एका शहरातल्या संशोधक बाईंनी आमच्या सूचीवर विसंबून पालये आणि पी-चाळीस, दोन्ही मागवले, दोघांची तुलना करण्यात आख्खा हंगाम घालवला, शेवटी दोघांची जनुकं अक्षर न् अक्षर वाचली. फोनवर त्या अतिशय सभ्यपणे म्हणाल्या, “सर, या जुळ्या बहिणी नाहीत. एकच बाई दोन साड्या नेसून आली आहे.”

बैठक बोलावली गेली. पडद्यावर बाहेरची मंडळी, मेजाभोवती आम्ही. कोणीतरी विचारलं, ही नोंद कोणी केली? हरमलच्या मुलीने ती उघडली. नोंद करणाऱ्याचं नाव माटोळीकारांचं. तारीख खाली.

बोलायची वेळ ती होती. एक वाक्य पुरलं असतं. माझं तोंड उघडलंसुद्धा. पण मंजुरीच्या अर्जावर सही माझी होती, निवृत्ती जवळ होती, आणि पडद्यावरची मंडळी आधीच गालात हसू लागली होती. घरजावई, संस्कार, मातीचं गाव. सगळ्यांना सगळं आठवत होतं. असा माणूस एखादे दिवशी असं करणारच, हे प्रत्येकाला पटलेलं दिसत होतं. उघडलेल्या तोंडातून मी म्हणालो, “आमचे हे जरा लहरी आहेत.”

सगळे मोकळेपणाने हसले. मीही.

माटोळीकारांनी चष्मा वर करून तारखेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं आता हा माणूस छत डोक्यावर घेईल. गावाच्या नावासाठी हंगाम अडवणारा माणूस. ते म्हणाले, “हय. नोंद माझ्या नावावर आहे.” आणि चष्मा पुसू लागले.

हरमलची मुलगी माझ्याकडे पाहत होती की पडद्याकडे, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढचं भराभर झालं. सूची त्यांच्याकडून काढून घेतली गेली. नव्या व्यवस्थेत ‘वैयक्तिक आवडीचे’ रकाने रद्द करायचे ठरले. त्यात मातीचं गाव गेलं, फसलेले प्रयोग गेले, आणि सगळ्यात आधी गेलं ते माहेरचं नाव. ज्या रकान्याकडे न बघितल्याने चूक झाली, तो रकाना चुकीचं मूळ म्हणून पुसला गेला. त्या ठरावावर सही माझी आहे.

रकाना पुसला त्या दिवशी माटोळीकारांनी फ्रिजमधलं विरजण काढलं, डबा फडक्यात बांधला, आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज माझ्या मेजावर ठेवून इब्रामपूरला गेले. जाताना विचारलं, “आमचं दही कसं आहे तुमच्याकडे?”

“बरं आहे,” मी म्हणालो. पाकिटातलं होतं.

त्यानंतर दर चवथीला मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. नार्वेहून इब्रामपूर काही जवळ नाही. वाटेत मला सांगायचं ते नीट जुळवायला भरपूर वेळ मिळे. डिचोलीपर्यंत वाक्य तयार होई. अस्नोड्याला ते थोडं मऊ करायचो. इब्रामपूरच्या पाणंदीत पोचेपर्यंत ते इतकं मऊ झालेलं असे की उचलायला गेलं तर हातात येत नसे. मग मी पेढ्यांचा पुडा पुढे करायचो.

“पेढे,” ते निराशेने म्हणायचे. “डॉक्टर, पेढे माटोळीला टांगायचे कसे?”

वर माटोळी गच्च भरलेली असे आणि मधोमध एक दोरी रिकामी लोंबत असे. पहिल्या वर्षी मला वाटलं काही गळून पडलं. दुसऱ्या वर्षीही ती तशीच होती. मी वहिनींना विचारलं.

“ती तुमची,” त्या म्हणाल्या. “हे कुणाला तिथे काही बांधू देत नाहीत. म्हणतात, डॉक्टर एक दिवस आणतील.”

“काय आणतील?”

“ते मला काय ठाऊक? तुमच्या नार्वेत काही पिकत नाही का?”

एकदा, बाल्कांवात बसलो असताना, माटोळीकार तवसं सोलत आपल्या पडण्याची गोष्ट सांगू लागले. ती त्यांची आवडती गोष्ट होती, घागऱ्या बांधताना शिडीचा पाय कसा मोडला, आपण गणपतीच्या रिकाम्या पाटावर कसे येऊन बसलो, आणि वहिनी आतून “आज आलात? उद्या यायचे होते ना?” असं कसं म्हणाल्या. मी हसत होतो. मग ते म्हणाले, “आदल्या दिवसाची गोष्ट ती. दिवसभर हांव शिडीवर होतो. शिडीवर काही कंप्युटर नसतो.”

माझं हसू तोंडातच राहिलं. त्यांनी मान वर केली नाही. सालं काढत राहिले.

“चूक म्हणजे नोंदच असते, डॉक्टर. ज्याची त्याने टांगायची. दुसऱ्याने टांगली की ती चहाडी होते.” त्यांनी तवशाचे दोन तुकडे केले, मीठ लावलं आणि मोठा तुकडा माझ्या हातात दिला.

दार एवढं सताड कोणी उघडून देत नाही. मी तवसं खाल्लं. म्हणालो, “गोड आहे.”

“बी खोतीगावचं,” ते म्हणाले. “मेव्हण्याकडून आलं.” आणि बियाण्याची वंशावळ सांगू लागले. निघताना पिशवी भरून भाजी दिली. मी घेतली. दर वर्षी घेतली.

हरमलची मुलगी आता बंगळूरला मोठ्या हुद्द्यावर आहे. मध्यंतरी तिचा फोन आला. त्यांच्या सूचीत तिने जंतूंच्या जुन्या नावांचा रकाना सुरू केला आहे. आधी तो बघितल्याशिवाय नवी नोंद होतच नाही, यंत्रच अडवतं. “सरांना सांगा,” म्हणाली. मी सांगितलं. माटोळीकार इतके खूश झाले की त्यांनी तिच्यासाठी विरजण द्यायला काढलं. बंगळूरला कसं पोचवायचं यावर वहिनींचं आणि त्यांचं दुपारभर भांडण झालं. “माहेरचं नाव म्हटलंय ना रकान्याला?” त्यांनी मला विचारलं. तिने काहीतरी इंग्रजी शब्द ठेवला होता. मी म्हणालो, “हो.” आयुष्यात त्यांच्यापाशी मी मोजकं खोटं बोललो असेन, त्यातलं हे एक मला छळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. बातमी मला वर्तमानपत्रातून कळली. खाली त्यांच्या मुलाने वहिनींचं सासरचं नाव दिलं होतं, आणि त्यापुढे माहेरचंही, गावासकट. मी पान उलटलं नाही.

यंदाच्या चवथीला मी माझ्या परसातलं तोरिंग काढलं. चांगलं मोठं, अजून हिरवट, देठाला दोन पानं ठेवून. गाडीत ते मांडीवर घेऊन बसलो आणि इब्रामपूरला गेलो. वाक्य तयार होतं. या वेळी मी ते अस्नोड्याला मऊ केलं नाही.

त्यांचा मुलगा शिडीवर होता. माटोळी भरली होती आणि मधली दोरी रिकामी होती.

“डॉक्टर, कितें हाडलां?” त्याने वरून विचारलं.

“तोरिंग.”

“खंयचें?”

“नार्वेचें.”

“कोणालें?”

बापाचा मुलगा. त्याला तो प्रश्न सवयीचा होता. “माझं,” मी म्हणालो, आणि फळ वर दिलं. त्याने दोरी बांधली, गाठ ओढून पाहिली. तोरिंग एकदा स्वतःभोवती फिरलं आणि थांबलं.

वहिनी आतून आल्या, वर बघितलं, पदराने हात पुसले. “आणलंत एकदाचं,” म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका निवला की मला वाटलं, त्यांना सगळं ठाऊक आहे, किंवा काहीच नाही. मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्या हातात नेवऱ्यांची ताटली दिली. नेवरीत नारळ होता, गूळ होता. मी म्हणालो, “गोड आहे.”

तेव्हा आता इथे टांगतो, ऐकणारा उरला नसला तरी. तुमच्याच रीतीने.

चूक खंयची? डिचोलीची, आपल्या कचेरीतली, तुमच्या कदेलावरची, चवथीच्या आदल्या दिवशीची. कोणाली? माझी. पालये आणि पी-चाळीस एकच, हे तुम्ही लिहून ठेवलं होतं. मी वाचलं नाही. आणि बाब, लहरी तुम्ही नव्हता. भित्रा मी होतो. माका माफ करा.